डिकीतली पायरी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पायरी आहे. जिन्यातली नव्हे हं. जिन्यातल्या पायऱ्यांना वर-खाली सोबत असते, मी मात्र एकटी. गाडीत चढताना पायाखाली घ्यायची आणि चढून झालं की डिकीत टाकायची, अशी माझी जात. लांबीला दोन वीत चार बोटं, रुंदीला दीड वीत, उंचीला एक वीत. पाय चार, पण रबरी टोप्या तीनच पायांना. चौथी टोपी कुठं गेली ते पुढं येईलच.

तुम्ही म्हणाल, पायरीनं सांगावं असं काय असणार? अहो, मी तीन गाड्यांच्या डिकीत राहिलेली आहे. एक उंच, एक बुटकी आणि एक बेताची. माणसं गाडी पुढून बघतात, रंग बघतात, दिवे बघतात. मी गाडी मागून आणि आतून बघितली आहे. शिवाय माझ्यावर पाय ठेवणाऱ्या माणसाचं वजन, त्याची धाप आणि त्याची भीती मला पाठीवर कळते. हे कुठल्याही जाहिरातीत लिहिलेलं नसतं, म्हणून माझं जरा ऐका.

मला घडवलं मिस्त्रींनी. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. खुर्ची करायची तर आधी बसणाऱ्याला समोर उभं करायचे, तळव्यापासून गुडघ्यापर्यंत वितीनं माप घ्यायचे आणि मगच लाकडाला हात लावायचे. खुर्ची खोलीत शोभण्यासाठी नसते, माणसाला नीट उठता यावं म्हणून असते, असं प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे. त्यांची बायको, आमच्या बाई, पायाच्या मशीनवर शाळेचे गणवेश शिवायच्या. त्या मशीननं घराचं पोट भरलं आणि बाईंचे गुडघे खाल्ले.

बाईंना एक मोठी बहीण, चौदा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा या ताईनंच बाईंना न्हाऊमाखू घातलं, वेण्या घातल्या, शाळेत पाठवलं. आता ताई नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात होत्या आणि त्यांची आठवण हळूहळू विरत चालली होती. कोणतं वर्ष चाललंय ते सांगता येत नसे, जेवण झालंय की नाही तेही नाही. पण बुधवार हा तिथं न्हाण्याचा दिवस. न्हाऊन झालं की ताई कंगवा हातात घेऊन दाराकडं तोंड करून बसायच्या, कारण बुधवारी बाई जाऊन त्यांची वेणी घालत. बाई खोलीत शिरल्या की ताई म्हणायच्या, "उशीर केलास." बाई वेळेआधी पोचल्या तरी हेच. लहानपणी शाळेतून येताना बाई वाटेत रेंगाळायच्या, त्याचं ते बोलणं होतं, इतक्या वर्षांनीही चालू राहिलेलं.

तिथल्या डॉक्टरांनी बाईंना सरळ सांगितलं होतं की औषध फारसं नाही, पण येणं चुकवू नका. चेहरा डोळ्यांसमोर राहिला तर मनात राहील. खंड पडला तर सांगता येत नाही. बाईंनी ते पदराला गाठ मारल्यासारखं धरून ठेवलं. आंघोळ चुकेल, जेवण चुकेल, पण बुधवार चुकायचा नाही.

आधी त्या बसनं जात. मग गुडघे बसची पहिली पायरी चढेनात. तेव्हा मिस्त्रींनी काय केलं, तर बाईंना न सांगता गाडी घ्यायचं ठरवलं. फर्निचरच्या कारखान्यातून निवृत्त व्हायचं, त्याच दिवशी गाडी दारात उभी करायची आणि म्हणायचं, चल आता, बस नको की वाट बघणं नको. मोठ्या प्रेमानं केलेला बेत होता तो.

ही कथा मी नंतर ऐकलेली. मिस्त्री वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात गेले आणि सुताराच्या डोळ्यांनी गाड्या बघू लागले. दारांच्या फटी सारख्या आहेत का, बिजागऱ्या करकरतात का, कुठं रंगाखाली खड्डे बुजवायची लांबी भरलीय का. एका उंच, छाती काढून उभ्या राहणाऱ्या एसयूव्हीचं दार त्यांनी लावून बघितलं. दार "धप्प" असं वाजलं, भरीव लाकडाच्या कपाटासारखं. मिस्त्री विरघळले. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं, आणि गाडी घेऊन टाकली. माणूस उभ्या जन्मात बसणाऱ्याचं माप घेतल्याशिवाय साधं स्टूल करायचा नाही, आणि बायकोसाठी गाडी घेतली ती दाराच्या आवाजावर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

गाडी दारात आली. लेक, जावई, शेजारी जमले. बाईंनी पाय उचलला आणि तो गाडीच्या उंबरठ्यापर्यंत पोचेचना. बसच्या पायऱ्या नकोत म्हणून गाडी घेतली आणि गाडी निघाली बसएवढी उंच. शेवटी लेकीनं मागून रेटलं आणि जावयानं आतून ओढलं. बाई बसल्या, घाम पुसला आणि म्हणाल्या की वरून रस्ता छान दिसतो. नवऱ्याचा उतरलेला चेहरा त्यांना बघवला नाही, दुसरं काय.

त्याच संध्याकाळी मिस्त्रींनी एका जुन्या दाराच्या चौकटीचा तुकडा काढला आणि मला घडवलं. दोन्ही पाय शेजारी मावावेत म्हणून मला लांब केलं. कडा घासून घासून गोल केल्या, पायांना रबरी टोप्या बसवल्या. चूक बोलून दाखवायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळं जे बोलायचं ते माझ्यात ठोकून ठेवलं. मी म्हणजे त्यांनी मागितलेली माफी आहे, हे बाईंना पहिल्या दिवशीच कळलं असावं, कारण माझ्यावर पाय ठेवण्याआधी त्यांनी हातानं माझी पाठ पुसली.

ते माझे कौतुकाचे दिवस. दर बुधवारी मिस्त्री मला गाडीच्या दाराशी मांडायचे, बाई चढायच्या, मग मी मागं डिकीत. त्या गाडीत डिकी म्हणजे वेगळी खोली नव्हती, मागच्या सीटच्या पाठीमागची मोकळी जागा होती. मला पुढचं सगळं बोलणं ऐकू यायचं. आश्रमाच्या अंगणात उतरलं की राखणदार म्हणायचा, काय सुंदर पायरी केलीय. मी फुगायचे. लाकूड पावसात फुगतं तेवढी नाही, पण फुगायचे.

आता टोपीची गोष्ट. आश्रमाच्या अंगणात बारीक खडी पसरलेली होती. एका बुधवारी माझी एक टोपी त्या खडीत निघून राहिली. मिस्त्रींनी घरी आल्यावर बघितलं, नवी बसवतो म्हणाले आणि विसरले. सुताराच्या घरची खुर्ची डुगडुगते ती अशी. पुढच्या बुधवारी बाई उतरताना त्यांचा सगळा भार माझ्या उघड्या पायावर आला, खडी सरकली आणि मी कलंडले. बाई दाराला लटकल्या, मनगट मुरगळलं, गुडघा खरचटला. मित्रांनो, मोडलं काही नाही, पण बाईंच्या पायांतला विश्वास गेला. मला बोलता येत असतं तर मी ओरडून सांगितलं असतं, थांबा, मी हलतेय. अजूनही ते मनात येतं.

त्या दिवशी लंगडत का होईना, बाईंनी ताईंची वेणी घातली. पण पुढच्या बुधवारी म्हणाल्या, आज नको, मनगट दुखतंय. त्याच्या पुढच्या बुधवारी म्हणाल्या, डोकं जड आहे. मला तेव्हा व्हरांड्यात चपलांशेजारी ठेवलं होतं. बाई येता-जाता माझ्याकडं बघत आणि नजर वळवत. घाबरले असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही, आणि मिस्त्रींनी एकदाही विचारलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात माणसं एकमेकांना इतकी सांभाळून घ्यायला शिकतात की खरं बोलायचं राहून जातं.

बाई आश्रमात फोन करत. तिथली सेविका सांगायची, ताई बुधवारी कंगवा घेऊन बसतात आणि केसांना कुणाला हात लावू देत नाहीत. केस तसेच मोकळे राहतात. हे ऐकलं की बाई फोन ठेवून बराच वेळ मशीनपाशी बसून राहायच्या, शिवायला काही नसलं तरी.

एक महिना गेल्यावर मिस्त्रींनी उंच गाडी विकली. या खेपेला जावई मदतीला आला. जावई मनाचा चांगला, पण गाडी म्हटली की त्याचं तोंड थांबत नाही. त्यानं समजावलं की उंचीचाच त्रास आहे ना, मग सेडान घ्या. लांबलचक, जमिनीलगत, रुबाबदार, पोटातलं पाणी हलणार नाही. मिस्त्रींना पटलं. उंच गाडीनं दगा दिला म्हणजे बुटकी चांगली, इतका सरळ हिशोब त्यांनी केला. बाईंना परत कुणी विचारलं नाही.

सेडानची डिकी ही खरी वेगळी खोली असते. इंजिनाची एक पेटी, माणसांची दुसरी, सामानाची तिसरी. झाकण लावलं की तुम्ही आणि अंधार. पुढचं एक अक्षर ऐकू येत नाही. मिस्त्रींनी मला नवी टोपी बसवली नव्हती, तरी सवयीनं डिकीत टाकलं. मी आत पडल्या पडल्या विचार करत होते की या गाडीत माझं काम काय? वर चढायला पायरी लागते. खाली बसणाऱ्याला पायरीचा काय उपयोग?

बाई त्या गाडीत बसल्या म्हणजे काय, तर पडल्या. मान वाकवली, पाठ टेकवली आणि धपकन खाली गेल्या. जाताना सगळं सोपं वाटलं. आश्रमाशी पोचल्यावर कळलं की आपण आगीतून फुफाट्यात आलोय. बसल्यावर गुडघे कमरेच्या वर गेले होते, आणि गुडघा कमरेच्या वर गेला की उठताना अंगाचा सगळा भार त्याच्यावरच येतो. मिस्त्री गोंधळले, डिकी उघडली, मला काढून बाईंच्या पायांशी ठेवलं. मी तिथं नुसती बसले. शेवटी राखणदार आणि स्वयंपाकीण, दोघांनी दोन काखांत हात घालून बाईंना बाहेर उपसलं. व्हरांड्यातले म्हातारे-म्हाताऱ्या बघत होत्या. बाई हसल्या, म्हणाल्या, मला काढायला आता कप्पी बसवा. सगळे हसले. परत निघताना मिस्त्री मला उचलायला वाकले तेव्हा बाई दार धरून उभ्या होत्या, व्हरांड्याकडं पाठ करून.

त्या बुधवारी ताई म्हणाल्या होत्या, "उशीर केलास." पण बाई पुढच्या बुधवारी गेल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. गाडी दारात उभी, पेट्रोल भरलेलं, मिस्त्री मोकळे, आणि बाई म्हणायच्या, थंडी आहे, पुढच्या वेळी बघू. दर आठवड्याला आपल्याला ओढून बाहेर काढताना चार लोकांनी बघायचं, हे त्यांना सोसवत नव्हतं. शरीराचं दुखणं माणूस सांगतो, लाजेचं सांगत नाही.

मी पुन्हा व्हरांड्यात होते. माझ्यावर आता वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवत. एक दिवस बाईंनी नेहमीसारखा फोन केला. पलीकडून सेविका मोठ्यानं बोलत होती, त्यामुळं मिस्त्रींनाही ऐकू गेलं. ती चांगली बातमी द्यावी तशी म्हणाली, "काळजी करू नका. आता त्या हट्ट करत नाहीत. कुणीही वेणी घातली तरी चालते त्यांना. वाट बघत बसत नाहीत."

बाईंनी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मग त्या भिंतीला टेकल्या आणि रडल्या. तोंडावर हात घेऊन, आवाज न करता. ताईंनी वाट बघायचं सोडलं होतं. बाईंना ज्याची भीती होती ते हेच.

मिस्त्री स्वयंपाकघरात गेले आणि बाईंची खुर्ची ओढून घेतली. ती खुर्ची त्यांनी लग्नानंतर पहिल्याच वर्षी बाईंसाठी केली होती. त्यांनी घरातल्या फळ्या गोळा केल्या, व्हरांड्यात येऊन वर्तमानपत्रं खाली टाकली आणि मला उचलून आत नेलं. बाईंना म्हणाले, "बस." बाई बसल्या. "आता हात न टेकता ऊठ." बाईंना जमलं नाही. मिस्त्रींनी खुर्चीवर एक फळी ठेवली. पुन्हा बस, पुन्हा ऊठ. मग दुसरी फळी. तिसऱ्या फळीला बाई अगदी अलगद उठल्या, जशा कुणी हाक मारल्यावर पूर्वी उठायच्या. चौथी ठेवली तर पाय टेकेनात, तेव्हा ती काढून टाकली. मिस्त्रींनी मला खुर्चीशेजारी उभं धरलं, एका टोकावर, आणि फळ्यांच्या उंचीला माझ्या पोटावर पेन्सिलची रेघ ओढली. रेघ माझ्या वरच्या टोकापासून दोन बोटं खाली आली.

"सगळ्या जगाची मापं घेतली," मिस्त्री म्हणाले. "तुझं घ्यायचं राहिलं."

"एकदा घेतलं होतंत की," बाई म्हणाल्या. "या खुर्चीच्या वेळी."

"तेव्हाचे गुडघे वेगळे होते."

मिस्त्री अजून वाकलेलेच होते, त्यांच्या खांद्याला धरून बाई उभ्या राहिल्या, आणि खांदा सोडायची त्यांना घाई नव्हती.

दुसऱ्याच दिवशी सकाळी सगळे बाजारात. मिस्त्री, बाई, जावई आणि मिस्त्रींच्या काखेत मी. गाड्या विकणारी एक चष्मेवाली होती, तिनं मला बघितलं आणि म्हणाली की बसायला खुर्च्या आहेत आमच्याकडे. मिस्त्री म्हणाले, ही बसायला नाही, मोजायला आणलीय. चष्मेवालीनं आधी जावयाकडं बघितलं, मग माझ्या पोटावरची रेघ बघितली, आणि मग ती खुर्चीवरून उठली. कामाचं माणूस कामाचं माणूस ओळखतं.

तिनं मिस्त्रींना गाड्या अशा समजावल्या की त्यांना एका झटक्यात कळल्या. म्हणाली, रंग आणि दिवे विसरा, पेट्या मोजा. तीन पेट्या म्हणजे सेडान. सामानाची पेटी माणसांच्या पेटीत मिसळली आणि मागं वर उघडणारं दार आलं, म्हणजे दोन पेट्या, ती हॅचबॅक. तीच मागं लांब ताणली की स्टेशन वॅगन. दोन पेट्या उंच चाकांवर चढवल्या की एसयूव्ही. इंजिनाचं नाकही आत घेतलं आणि सगळी मिळून एकच मोठी पेटी केली की व्हॅन. मिस्त्री म्हणाले की इतकी वर्षं पेट्याच केल्या, हे आधी कुणी सांगितलं असतं तर. चष्मेवाली म्हणाली, आधी कुणी विचारलं नाही. बसणाऱ्या माणसाला बरोबर आणणारेच कमी असतात.

मग आम्ही रांगेनं निघालो. मिस्त्री प्रत्येक गाडीचं दार उघडायचे, मला सीटशेजारी टोकावर उभं करायचे आणि रेघ बघायचे. सेडानच्या रांगेत सीट रेघेच्या चार बोटं खाली. एसयूव्हीत सीट माझ्या डोक्याच्याही वर. एक छोटी लाल, दोनच दारांची गाडी होती, जावई तिच्यापुढून हलेना. मिस्त्रींनी मला तिथं उभंच केलं नाही. जावयाचा चेहरा पडला, तेव्हा बाईंनी त्याची समजूत काढली की तू म्हातारा व्हायच्या आत घे हो. एका एसयूव्हीची पाठ मोठी छान उतरती होती, पण मागं बसताना बाईंचं डोकं छपराला लागलं. व्हॅनचं सरकतं दार सगळ्यांना आवडलं. सीटही रेघेजवळ आली. पण ते दार मागच्या सीटला, पुढची सीट उंच, म्हणजे बाईंना मागं बसावं लागलं असतं. त्या म्हणाल्या की एवढा दीड तासाचा रस्ता, मी मागं बसून यांच्या टकलाशी बोलू का?

रांगेच्या शेवटी, धुळीत, एक हॅचबॅक उभी होती. छप्पर उंच, नाक आखूड, अंगानं चौकोनी, रंग धुऊन धुऊन विटलेल्या चादरीचा. जावयानं हळूच म्हटलं, ही तर बिस्किटाचा डबा दिसते. मिस्त्रींनी दार उघडलं. दार चांगलं रुंद उघडलं, उंबरठा खाली होता, छप्पर वर होतं. मला सीटशेजारी उभं केलं, आणि मित्रांनो, सीट बरोबर माझ्या रेघेवर आली. एक केसभर इकडं नाही की तिकडं नाही.

बाईंनी पाठ वळवली, बसल्या, पाय आत घेतले. मान वाकवावी लागली नाही. मग पाय बाहेर ठेवले आणि उठल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. कुणी हात दिला नव्हता, कुणी मागून रेटलं नव्हतं, आणि मला कुणी पायाखाली ठेवलं नव्हतं. तिसऱ्यांदा उठून बाईंनी आजूबाजूला बघितलं आणि फक्त एवढंच म्हणाल्या, "आज बुधवार असता तर."

मिस्त्रींनी दार लावून बघितलं. "खडाक" असा आवाज आला, रिकाम्या पत्र्याच्या डब्यासारखा. त्यांच्या कपाळावर आठी आली. सुताराचा जीव तो. पण त्यांनी दुसऱ्यांदा लावून बघितलं नाही. गाडी घेतली.

खरं सांगू? मला थोडं वाईट वाटलं. त्या गाडीला माझी गरज नव्हती. माझ्या पोटावरच्या रेघेनंच माझं काम काढून घेतलं होतं. तरी मिस्त्रींनी मला डिकीत ठेवलंच, असू दे म्हणाले. हॅचबॅकची डिकी माणसांपासून तुटलेली नसते. मी सीटच्या पाठीमागं पडून दोघांचं बोलणं ऐकत गेले. बाई सारख्या विचारत होत्या, ओळखेल ना ती मला? आणि मिस्त्री, ज्यांना सगळ्याचं माप सांगता यायचं, ते म्हणत होते, काही सांगता येत नाही.

त्या बुधवारी अंगणात गाडी थांबली. दार उघडलं, बाई उतरल्या. राखणदार धावत आला होता, त्याचे हात तसेच पुढं राहिले. दार लागलं, खडाक. मिस्त्रींनी पिशव्या काढायला डिकी उघडली आणि पिशव्यांखाली मी होते म्हणून मलाही घेतलं. अशी मी पहिल्यांदा ताईंच्या खोलीत गेले.

ताई खिडकीजवळच्या उंच खुर्चीत बसल्या होत्या. केस ओले, कंगवा टेबलावर. त्यांनी बाईंकडं बघितलं. बाई थांबल्या. मीही थांबले, मी दुसरं काय करणार. ताई थोडं हसल्या, परक्या माणसाकडं बघून हसतो तसं. बाईंनी कंगवा उचलला, मागं जाऊन उभ्या राहिल्या आणि केस विंचरायला लागल्या. भांग पाडला, तीन पेड घेतले. ताईंनी डोळे मिटून घेतले. वेणी झाली, टोकाला फीत बांधली. निघायच्या वेळी ताईंनी मान वर करून विचारलं, "तुम्ही कुठून येता?"

तुम्ही. ज्या मुलीला कडेवर घेऊन वाढवलं, तिला तुम्ही. मिस्त्रींनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं. बाई मात्र ढळल्या नाहीत. म्हणाल्या, "जवळूनच. पुढच्या बुधवारी येते हं." मग त्यांचं लक्ष खाली गेलं. खुर्ची उंच होती आणि ताईंचे पाय अधांतरी लोंबत होते, जमिनीला टेकत नव्हते. बाईंनी मिस्त्रींच्या हातातून मला घेतलं, माझी पाठ पुसली आणि मला ताईंच्या पायांखाली सरकवलं. पावलं माझ्यावर टेकली. बारीक, थंड पावलं. बाई म्हणाल्या, ही राहू दे इथंच. मिस्त्रींनी मान हलवली आणि खिशातून एक रबरी टोपी काढली. त्यांनी ती आदल्या दिवशी आणली होती. पण माझ्यावर टेकलेले ते पाय त्यांना उचलवले नाहीत, म्हणून टोपी टेबलावर ठेवून ते गेले. ती अजून तिथंच आहे. इथली फरशी सपाट आहे, काही बिघडत नाही.

मित्रांनो, आता मी इथंच असते. तुम्ही मोठे व्हाल, गाड्या घ्याल. तेव्हा छान दिसणारी घ्या, वेगानं पळणारी घ्या, मी कोण नको म्हणणार? पण घ्यायला जाताना, त्या गाडीत जो बसणार आहे त्याला बरोबर न्या. त्याला बसवून बघा आणि उठवूनही बघा. बसणं सगळ्यांनाच जमतं, खरी परीक्षा उठताना होते. आणि घरातलं म्हातारं माणूस "आज नको" म्हणालं, तर एकदा त्याच्या गुडघ्यांकडं आणि एकदा त्याच्या डोळ्यांकडं बघा. ते सांगणार नाही. तुम्हालाच विचारावं लागेल.

त्यानंतर बाईंनी एकही बुधवार चुकवला नाही. गाडी अंगणात येते, दार वाजतं, बाई येतात, वेणी घालतात, जातात. दुसऱ्या बुधवारी ताईंनी त्यांना पुन्हा तुम्ही म्हटलं, तिसऱ्या बुधवारीही. चौथ्या बुधवारी काहीच म्हटलं नाही. पाचव्या बुधवारी न्हाणं झाल्यावर त्यांनी स्वतःहून कंगवा हातात घेतला, हे सेविकेच्याही लक्षात आलं नाही, माझ्या आलं.

सातव्या बुधवारी ताई खिडकीशी बसल्या होत्या. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. बाहेर खडीवर चाकं वाजली आणि मग दार लागलं. खडाक. मिस्त्रींना आवडला नव्हता तोच आवाज, साऱ्या अंगणात तसा दुसऱ्या कुठल्या गाडीच्या दाराचा नाही. माझ्यावरची पावलं हलली. ताईंनी खुर्ची दाराकडं वळवायचा प्रयत्न केला, पायांची बोटं माझ्या कडेवर रोवली आणि रिकाम्या खोलीत स्वतःशीच म्हणाल्या,

"आली. आजपण उशीर केलाच."

मग त्यांनी कंगवा मांडीवर ठेवला आणि दाराकडं बघत बसल्या.